पंचविसावा

गल्लीत त्याला सगळे मापाडी म्हणत. तोंडावर अर्थातच ‘साहेब’. पाठीमागचं नाव त्याच्या कानावर आलेलं होतं आणि ते त्याला झोंबायचंही, पण भलत्याच कारणाने. मापाडी म्हणजे बाजारात पोती मोजून देणारा माणूस. हा होता वजनमापे खात्यातला निरीक्षक, मापाड्यांची मापं तपासणारा. लोक हिणवतात याचं त्याला काही वाटत नसे. चुकीच्या हुद्द्यावरून हिणवतात, एवढाच त्याचा राग होता.

एकतीस वर्षं त्याने दुकानदारांचे काटे तपासले. त्याच्याकडे एक लाकडी पेटी असे. आत मखमली खाचांत पितळेची प्रमाण वजनं बसवलेली, किलोपासून ग्रॅमपर्यंत. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायची, कारण बोटाच्या घामानेही वजन बदलतं. ती पेटी घेऊन तो दुकानात शिरला की दुकानदाराचा चेहरा उतरे, आणि तो उतरलेला चेहरा हेच त्याच्या नोकरीतलं खरं सुख होतं. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, बूड ठोकून आत घेतलेलं लिटरचं माप, तळातलं शिसं कोरून हलकं केलेलं वजन, सगळं त्याने पाहिलं होतं. त्यावरून त्याने अख्ख्या मनुष्यजातीबद्दल मत करून घेतलं की संधी मिळाली की जो तो काटा मारतो. आता हे मत अगदीच खोटं आहे असं कुणी म्हणणार नाही. पण त्या मनुष्यजातीतून त्याने एका माणसाला वगळलं होतं, आणि तो माणूस त्याला रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसे.

निवृत्तीच्या दिवशी पेटी खात्यात जमा झाली आणि मापाडी रिकामा झाला. रिकामा माणूस, आणि वर शिस्तीचा, म्हणजे घरच्यांना जन्मठेपच. घरी होती एकटी बायको. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती आणि फोनवर ‘बाबा कसे आहेत?’ एवढं आईलाच विचारून ठेवून देत असे. पहिल्या महिन्यात मापाडीने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्यात दूधवाल्याशी भांडला. तिसऱ्यात गल्लीतल्या सलूनवाल्याला जाऊन सांगितलं, की तुमच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे.

“असू दे की साहेब,” सलूनवाला हसून म्हणाला, “गिऱ्हाईक लवकर उठतं.”

त्या दिवसापासून मापाडी दोन गल्ल्या ओलांडून केस कापून घ्यायला जाऊ लागला.

समोरच्या घरात एक बाई शिवणकाम करायची. दुपारभर तिचं मशीन चाले, आणि मशीनभोवती गल्लीतल्या दोन-तीन बायका कुणी काज करत, कुणी बटणं लावत बसलेल्या असत. मापाडी खिडकीतून बघे आणि बायकोला ऐकवे, “बसल्या बघ पुन्हा. हाताला काम नाही आणि तोंडाला आराम नाही.” सबंध गल्लीत हाताला काम नसलेला माणूस कोण होता, हे बायकोला दिसत होतं. पण ती बोलली नाही. सदतीस वर्षांच्या संसारात न बोलण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

नगरपालिकेच्या वाटेला तो गेला तो एका बंद दिव्यामुळे. दारासमोरच्या खांबावरचा दिवा गेला, म्हणून तो अर्ज घेऊन प्रभाग कार्यालयात गेला. पहिल्या मजल्यावरची खोली. आत पाच टेबलं, त्यांतली तीन रिकामी, आणि पंखा नेमका रिकाम्या टेबलांवर फिरणारा. कारकून बाईने अर्ज घेतला आणि एका ढिगावर ठेवला.

“पोच द्या,” मापाडी म्हणाला.

“शिक्क्याशिवाय पोच नाही. शिक्का साहेबांच्या कपाटात आहे.”

“मग साहेबांना बोलवा.”

“साहेब दौऱ्यावर.”

“कधी येतील?”

“आले की कळेलच,” बाई म्हणाली आणि डबा उघडून जेवायला बसली.

बाहेर फळ्यावर एक कागद लावलेला होता. प्रभागातल्या रहिवाशांची सभा. रहिवाशांनी यावं, बोलावं, ठरावावर हात वर करून मत द्यावं. मात्र किमान पंचवीस रहिवासी हजर असले तरच ठराव होईल. मापाडी त्या सभेला गेला. सभागृहात मोजून सात टाळकी होती, त्यांत एक झोपलेलं. टेबलावरच्या हजेरीवहीत मात्र एक्केचाळीस सह्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या एकाच हाताच्या, एकाच शाईच्या. कित्येक दिवसांनी मापाडीच्या नाकाला ओळखीचा वास आला. इथेही काटा मारत होते.

काटा मारणारा होता तिथला नगरसेवक. गल्लीत त्याचं नाव फीतकापे. गटारावर नवं झाकण बसवलं तरी हा त्याला फीत बांधून कापायचा आणि बाजूला उभं राहून फोटो काढून घ्यायचा. माणूस वाईट होता असंही नाही. वाईट असायला थोडी अक्कल लागते. त्याला फक्त सगळीकडे आपल्या नावाची पाटी हवी असे.

मापाडीने मग अकरा महिने अर्ज केले. इथे अर्ज, वरच्या कचेरीत अर्ज, त्याच्यावर अपील, अपिलावर स्मरणपत्र. शेवटी वरून हुकूम आला की रहिवासी सभेत ओळखपत्र पाहूनच सही घ्यायची, दारात माणूस मोजायचा, आकडा मोठ्याने पुकारायचा, आणि साडेअकरापर्यंत पंचवीस भरले नाहीत तर सभा रद्द. खरं सांगायचं तर हे काम त्याने चांगलं केलं. अख्ख्या गावात हे कुणाला जमलं नव्हतं. पण चांगलं काम करून गप्प बसेल तर तो मापाडी कसला! हुकमाची प्रत त्याने काचेच्या चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावली, आल्या-गेल्याला वाचून दाखवली. आले-गेले लवकरच यायचे बंद झाले.

हुकमाचा परिणाम असा झाला की सभाच होईनात. खोट्या सह्या बंद झाल्या आणि खरी माणसं काही येईनात. सभा ठेवायचे कामाच्या दिवशी सकाळी अकराला. ज्याला पोट आहे तो येणार कसा? पण मापाडीला हे कारण पटत नसे. तो दर सभेला दहा मिनिटं आधी जाऊन पहिल्या रांगेत बसे, ‘एक’ असा स्वतःचा पुकारा ऐके, साडेअकराला रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उठे आणि घरी येऊन सांगे, “या लोकांची लायकीच नाही. मेंढरं आहेत, मेंढरं. हक्क आणून पदरात टाकला तरी यांना घेता येत नाही.” पूर्वी त्याला दुकानदारांचा तिटकारा होता. आता तो सगळ्या गल्लीचा करायला लागला, आणि गल्लीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तो निघाला की सलूनवाला आतल्या गिऱ्हाइकाला म्हणे, “चालले बघा, खुर्च्या मोजायला.”

असं चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण फळ्यावर दवाखान्याचा कागद लागला.

गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा छोटा दवाखाना होता. दोन खोल्या, एक डॉक्टर, एक सिस्टर आणि बाहेर एक बाक. मापाडीच्या बायकोला मधुमेह होता, आणि डाव्या पायाच्या तळव्याला जखम झाली होती ती दीड वर्ष भरत नव्हती. एक दिवसाआड तिला तिथे ड्रेसिंगला जावं लागे. समोरची शिवणारी मशीन बंद करून तिला हाताला धरून न्यायची आणि आणायची. घरापासून एकशे चाळीस पावलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पायावर भार कमी द्या आणि ड्रेसिंग चुकवू नका. चुकलं तर बोटावर भागायचं नाही, पाऊल काढावं लागेल.

फळ्यावरच्या कागदात लिहिलं होतं, ‘दवाखाना अधिक सुसज्ज जागेत स्थलांतरित करणे व रिक्त जागेत व्यायामशाळा उभारणे.’ सुसज्ज जागा म्हणजे मोठ्या रस्त्याच्या पलीकडची इमारत. तिथे जायला पादचारी पूल चढावा लागे, बासष्ट पायऱ्या, आणि बसने गेलं तरी पूल चुकत नव्हता. व्यायामशाळेला फीतकाप्याच्या वडिलांचं नाव द्यायचं होतं. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांचा दवाखाना पायऱ्यांवर नेऊन ठेवायचा, आणि त्यांच्या जागी धडधाकटांनी वजनं उचलायची. असली कल्पना सुचायला नगरसेवकच व्हावं लागतं.

ठराव रहिवासी सभेत मंजूर व्हायला हवा होता, तोही महिनाअखेरच्या आत. नाही झाला तर प्रस्ताव बाद, आणि पुढची दोन वर्षं पुन्हा मांडता येणार नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकराला सभा ठेवली होती.

मापाडीने कागद वाचला आणि त्याच दिवशी टेबलाशी बसला. त्याला बायकोच्या पायाची काळजी होती, यात शंका नाही. पण काळजी करायची त्याची रीत म्हणजे हरकत लिहिणे. चौदा पानांची हरकत. कलमं, पोटकलमं, लोकसंख्येचं दवाखान्याशी प्रमाण, पुलाच्या पायऱ्यांची उंची सेंटिमीटरमध्ये. ती त्याने स्वतः पट्टी घेऊन जाऊन मोजली होती. हे वाचून दाखवलं की फीतकाप्याची बोलती बंद होणार, सभा हादरणार, असं त्याला खरोखर वाटत होतं. उभ्या आयुष्यात भाषण ऐकून कुणी मत बदललेलं त्याने पाहिलं नव्हतं. तरी वाटत होतं.

समोरच्या घरात त्याच वेळी दुसरंच काही चाललं होतं. शिवणारीने एक कागद लिहिला नाही की एक अर्ज केला नाही. तिने साधा हिशोब केला. फीतकापे आपली माणसं आणणार. पण ती याच प्रभागातली, ओळखपत्रवाली हवीत, आणि मापाडीच्या हुकमामुळे खोटी सही चालणार नाही. भाऊ, भावजया, चुलते, पाटीखाली उभे राहणारे, सगळे धरून पंचवीसच्या वर त्याची मजल जात नव्हती. तेव्हा आपल्यातलं कुणी जायचंच नाही. एकही नाही. आठ दिवस त्या बायका ब्लाऊज पोचवायच्या, फॉल लावायच्या निमित्ताने घरोघर गेल्या आणि कानात सांगून आल्या. सलूनवाल्याने पुरुषांना सांगितलं, वस्तरा गळ्यापाशी असताना, म्हणजे कुणी मध्ये बोलायला नको. फीतकाप्याची चुलती त्याच दवाखान्यातून रक्तदाबाच्या गोळ्या नेत असे. तिलासुद्धा शिवणारीने फोडलं. “त्या दिवशी माझं डोकं दुखणार आहे,” चुलती म्हणाली. झाले चोवीस. सगळं अगदी गुपचूप, कारण फीतकाप्याला सुगावा लागता तर त्याने आणखी दोन डोकी कुठूनही पैदा केली असती.

मेंढरं म्हणे!

राहिला मापाडी. त्याला सांगणार कोण? शिवणारीने त्याच्या बायकोला सांगितलं. तिने रात्रीच्या जेवणाच्या वेळी विषय काढला.

“अहो, समोरची म्हणत होती, सभेला आपल्या गल्लीतलं कुणी...”

“कुणी जाणार नाही,” तो म्हणाला. “हे मला नवीन सांगतेस?”

“तसं नव्हे हो. ती म्हणते, तुम्हीसुद्धा...”

“मीसुद्धा बसू बांगड्या भरून? त्यांच्यासारखा?”

“आधी ऐकून तर घ्या.”

“शिवणकामवालीकडून मी सभेचे नियम ऐकायचे? ज्याने हे नियम आणले त्याने?” आणि तो हरकतीच्या अकराव्या पानाकडे वळला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा प्रयत्न केला, तर त्याने तिला पायऱ्यांच्या उंचीचं कोष्टक वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी तिने शिवणारीला सांगितलं, “सलूनवाल्यालाच बोलायला सांग. पुरुषाचं कदाचित ऐकतील.”

सलूनवाला दोनदा दारापर्यंत आला. एकदा मापाडीने दार उघडून “घड्याळ दुरुस्त केलंत?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लावून घेतलं. दुसऱ्यांदा उघडलंच नाही.

सभेचा दिवस उजाडला. बायको साडेदहाला शिवणारीचा हात धरून ड्रेसिंगला गेली. मापाडी नेहमीप्रमाणे साडेदहालाच निघायचा, पण निघता निघता त्याला नवव्या पानावर एक खोडलेला शब्द दिसला. खाडाखोड असलेलं पान सभेत द्यायचं? तो पुन्हा बसला आणि सबंध पान नव्याने उतरून काढलं. अकरा वाजले तरी तो घरातून बाहेर पडला नाही, हे गल्लीने खिडक्यांआडून पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. बाबा समजला एकदाचा! सलूनवाल्याने तर आनंदाने एका गिऱ्हाइकाची चंपी फुकट करून दिली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मापाडी फाईल काखेत मारून बाहेर पडला.

सलूनवाला गिऱ्हाईक फेसात तसंच सोडून धावला. कोपऱ्यावर फीतकाप्याचा एक माणूस फोन कानाला लावून उभा होता, त्यामुळे ओरडून सांगायची सोय नव्हती. त्याने मापाडीची बाही धरली. “साहेब, आज नका जाऊ. माझं एवढं ऐका. आज घरी...”

“हात काढा,” मापाडी म्हणाला. “साबण लागतोय. तुम्ही बसा दुकानात गप्पा हाणत, ते तुम्हाला शोभतं.”

“साहेब, मी हात जोडतो...”

“उद्या दवाखाना गेला की जोडा.” आणि तो ताडताड निघून गेला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. अतिशहाण्याला कशाचाच नसतो.

सभागृहाच्या दारात कारकून बाई वही घेऊन बसली होती. हीच ती, जिच्याविरुद्ध मापाडीने अकरा महिन्यांत तीन तक्रारी केल्या होत्या. आत फीतकापे दर अर्ध्या मिनिटाला मनगट बघत होता. त्याची चोवीस माणसं बसली होती. चुलतीला तो सात वेळा फोन करून चुकला होता आणि दर वेळी तिचं डोकं जास्तच दुखत होतं. आठ मिनिटं उरली होती. बाईने मापाडीला जिना चढून येताना पाहिलं आणि ती चक्क उठून उभी राहिली.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “आज कशाला आलात? परत जा.”

“काय म्हणालात?”

“हळू बोला. परत जा घरी. मी काही लिहीत नाही.”

मापाडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला अडवणाऱ्या तुम्ही कोण? सभेला येणं माझा हक्क आहे. नियम वाचलाय कधी?”

“वाचलाय,” बाई म्हणाली. “रोज वाचते. तुम्हीच आणलाय तो.”

त्याने ओळखपत्र तिच्या टेबलावर आपटलं, वही स्वतःकडे ओढली आणि सही ठोकली. ठळक, पूर्ण, पल्लेदार सही, खाली तारीख आणि वेळ.

बाईने वहीकडे पाहिलं. “पंचवीस,” ती पुटपुटली.

“मोठ्याने, बाई!” आतून फीतकापे ओरडला. “मोठ्याने पुकारायचं. नियम आहे!”

“पंचवीस!” बाईने पुकारलं आणि खाली बसली.

फीतकापे स्वतः दारापर्यंत आला, मापाडीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मापाडीला वाटलं, घाबरला. त्याने फाईल उघडली आणि चौदा पानं वाचली. फीतकाप्याने त्याला एकदाही अडवलं नाही. उलट मधे एकदा पाणी मागवून दिलं. चोवीस जणांपैकी काही फोन बघत होते, काही जांभया देत होते. मापाडी पोटकलमं वाचत राहिला. नववं पान तर त्याने दोनदा वाचलं, इतकं ते सुबक उतरलं होतं.

मग हात वर झाले. ठरावाच्या बाजूने बाईने मोजले, “चोवीस.” विरोधात मापाडीचा हात वर गेला. “एक.”

चोवीस आणि एक. आयुष्यभर वजनं केलेला माणूस. बेरीज त्याच्या डोक्यात आपोआप झाली. हात वर तसाच राहिला. त्याने मान वळवून खुर्च्या पाहिल्या. सलूनवाला नाही. शिवणारीच्या घोळक्यातली एकही नाही. फीतकाप्याची चुलतीसुद्धा नाही. म्हणजे गल्ली आळसाने घरी बसली नव्हती तर! ही माणसं न येण्याचं काम करत होती, आठ दिवस खपून, त्यानेच आणलेल्या नियमावर बोट ठेवून. आणि त्या सगळ्यांच्या मेहनतीवर हा एकटा येऊन बसला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

“हात खाली घ्या साहेब,” फीतकापे प्रेमाने म्हणाला. “मोजलं तुमचं.”

तो परत आला तेव्हा गल्ली दारात उभी होती. बातमी त्याच्या आधी पोचली होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. तो एकतीस वर्षं दुकानदारांकडे जसा बघत आला होता, तसे सगळे त्याच्याकडे बघत होते. सलूनवाला पायरीवर उभा होता. तो तेवढा म्हणाला, “काय साहेब, बरोबर मोजलं ना त्यांनी?”

बायको घरात खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर. तिला सगळं कळलं होतं. मापाडी फाईल हातात धरून दारातच थांबला. त्याला लाज वाटत होती. साठी उलटल्यावर पहिल्यांदा वाटत होती, त्यामुळे ती कशी बाळगायची हे त्याला माहीत नव्हतं, आणि ती रागासारखीच बाहेर पडली.

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“मी दोनदा सांगितलं,” ती म्हणाली. “सलूनवाला दोनदा येऊन गेला. समोरची मला रोज विचारायची, ऐकलं का, ऐकलं का.”

“नीट सांगायला हवं होतं. स्पष्ट.”

“हो,” ती म्हणाली. “चौदा पानं लिहून द्यायला हवी होती.” इतकी वर्षं साठवलेलं एकच वाक्य ती बोलली.

एका दिव्याच्या अर्जाची पोचही न देणारी नगरपालिका दुसऱ्याच दिवशी सकाळी ट्रक घेऊन हजर झाली. दुपारपर्यंत बाकसुद्धा गेला. दाराला कुलूप आणि कुलपाला फीत. कापायची तारीख अजून ठरायची होती. जाता जाता सिस्टरने मापाडीच्या बायकोला गॉजचं पुडकं, एक बाटली आणि चिकटपट्टीचं एक बंडल दिलं. जमेल तेव्हा पूल चढून या, बाकी दिवशी घरात कुणाकडून तरी करून घ्या, पण चुकवू नका, असं सांगितलं.

त्याच संध्याकाळी समोरची दारात आली. “काकू, मी करत जाईन. मला सवय आहे बघून बघून.”

“नको गं,” बायको म्हणाली. “दीड वर्ष तू मशीन बंद करून माझ्यासोबत येतेस. आता पुरे. घरात माणूस आहे.”

शिवणारीने त्या माणसाकडे पाहिलं. मापाडी खिडकीपाशी उभा होता. कधी नव्हे तो म्हणाला, “तुम्ही... एकदा दाखवून ठेवा मला. मग मी करीन.”

“हात धुऊन या,” ती म्हणाली. “कोपरापर्यंत.”

तो हात धुऊन आला आणि बायकोच्या पायाशी जमिनीवर बसला. शिवणारी वरून सांगत होती, “पट्टी ओढायची नाही, भिजवून सोडवायची. सावकाश. आता गॉज उचला.” त्याने गॉज उचललं. तळव्याच्या पुढच्या भागात वाटीएवढा खड्डा होता, कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि आत काय दिसत होतं ते त्याला सांगता आलं नसतं. करंगळीजवळची दोन बोटं काळी होत चालली होती. त्याच्या मनात इतके दिवस एक जखम होती. ती रुपयाएवढी होती.

“दुखतंय का?” त्याने विचारलं.

“तिथे मला काही कळतच नाही. तुम्ही करा.”

“एवढी असेल असं मला वाटलं नव्हतं गं.”

“वाटेल कसं?” बायको म्हणाली. “दीड वर्षात आज पहिल्यांदा बघताय.”